फ्रीजचं अ‍ॅव्हरेज

आबा एसटीत ड्रायव्हर होते आणि डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारं आगारात कुणी नव्हतं. चढाला गिअर कधी बदलायचा, थांबा यायच्या किती आधी पाय काढला की ब्रेक फारसा न दाबता गाडी आपसूक थांबते, हे त्यांच्या पायालाच कळायचं. ड्यूटीवरून घरी आले की हातपाय धुता धुता सांगायचे, "आज गाडीनं लई चांगलं अ‍ॅव्हरेज दिलं." आई चुलीपुढून म्हणायची, "मग गाडीलाच वाढा जेवायला." आणि तरीही पहिली भाकरी त्यांच्याच ताटात पडायची.

आमचं घर विंझरच्या थोडं पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यापासून आत. मी त्यांची एकुलती एक. लग्न होऊन भोरला आले, पतसंस्थेत नोकरीला लागले आणि मग माहेर रविवारपुरतं उरलं. सकाळी कापूरव्होळची गाडी, तिथून नसरापूर, तिथून वेल्ह्याकडची जी मिळेल ती. आबा निवृत्त झाले होते. पावसाळ्यात भात, एरवी परसातली भाजी आणि आईशी दिवसभर बारीकसारीक भांडण, असं त्यांचं चाललं होतं.

आईला मधुमेह जुना. गोळ्यांनी भागेना तेव्हा वेल्ह्याच्या डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू करायचं ठरवलं. त्या दिवशी मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरी फ्रीज आहे का? जास्तीच्या बाटल्या गार जागी ठेवाव्या लागतील."

फ्रीज नव्हता. आईनं कधी मागितलाही नव्हता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बोटाएवढी बाटली, तिच्यापायी माणसाएवढं कपाट आणायचं व्हय?"

"आणायचं," आबा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते भोरला आले. बाजारपेठेत एका चाचांचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, फ्रीज, सगळं मिळतं. चाचांचे वडील आबांच्या गाडीतून महाडला जायचे, त्यामुळं ओळख जुनी. चाचांनी दोन-तीन फ्रीज उघडून दाखवले. आबांनी रंग बघितला नाही, कप्पे बघितले नाहीत. खाली वाकून मागची जाळी बघितली आणि विचारलं, "ह्याचं अ‍ॅव्हरेज किती?"

चाचा हसले. "ड्रायव्हरसाहेब, ह्याचं अ‍ॅव्हरेज ह्या चांदण्यांत असतं." त्यांनी दारावरचं स्टिकर दाखवलं. "चांदण्या जास्त तेवढी वीज कमी. घेताना महाग पडतो, पण चालवायला हलका."

आबांनी जास्त चांदण्यांचा घेतला. एका दाराचा, लहानसा, राखाडी. टेम्पोत तो आडवा करू दिला नाही. स्वतः मागं उभं राहून, दोन्ही हातांनी धरून विंझरपर्यंत आणला.

घरात तो आला तो दुसरी एसटी आल्यासारखा. भिंतीपासून वीतभर पुढं ठेवायचा, मागच्या जाळीला वारा लागला पाहिजे. खिडकीतलं ऊन त्याच्या अंगावर पडता कामा नये. गरम भांडं आत जाणार नाही. कालवण झाकूनच ठेवायचं, नाहीतर वाफ धरते आणि मशीन जास्त पळतं. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघायचे. नोट सहज निसटली तर रबर सैल. बर्फ साचू द्यायचे नाहीत. मला म्हणायचे, "बर्फ म्हंजी टपावर वझं. गाडी वढती, पण डिझेल खाती."

आईला ह्यातलं काही पटायचं नाही. उन्हाळ्यात चुलीपुढून उठली की ती फ्रीजचं दार उघडायची आणि पदर मागं टाकून नुसती उभी राहायची. डोळे मिटून.

"दार!" आबा ओसरीवरून ओरडायचे. त्यांना न बघता कळायचं.

"पाणी घेती, आवं."

"इतका येळ? हिर उपसतीस का काय?"

मग ती हसत दार लावायची. मला डोळा मारायची.

इन्शुलिन आबाच टोचायचे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं ते त्यांनी एकदाच नीट बघून घेतलं. बाटली बाहेर काढायची, तळहातांत हलकी फिरवायची, सुई भरायची, हवेचा बुडबुडा काढायचा. आई मान वळवून दाराबाहेरच्या शेवग्याकडं बघत बसायची. "झालं?" "कवाच झालं." इतका हलका हात होता त्यांचा. मी एकदा म्हटलं, आबा, मी देऊ का आज? तर आईच म्हणाली, "नगं. त्यांचं कळत न्हाई मला."

घरातलं लाईट बिल आबा एसटीच्या हिशेबानं वाचायचे. शंभर युनिटच्या आत राहिलं की एक दर, वर गेलं की पुढचा चढ. हिवाळ्यात, पावसाळ्यात ते आतच राहायचं. उन्हाळ्यात पंखा आणि फ्रीज मिळून ते वर ढकलायचे. पैशाची फार ओढ होती अशातला भाग नाही, पेन्शन तुटपुंजी असली तरी दोघांना पुरत होती. पण जन्मभर ज्यानं थेंब थेंब वाचवला त्याला हे हरल्यासारखं वाटायचं. मग एका उन्हाळ्यात त्यांनी एक युक्ती काढली. दुपारी जेवणं झाली की फ्रीजचं बटण बंद करायचं आणि चहाच्या वेळी परत लावायचं. आत गारवा असतोच, दार उघडलं नाही तर तो टिकतो. उतारावर पाय काढला तरी गाडी चालत राहते, तसंच हे. मला हे कळायचं कारण नव्हतं. मी रविवारी जायची, तेव्हा पाहुणी आली म्हणून सरबत, ताक, सारखी ये-जा. त्या दिवशी फ्रीज चालूच असायचा.

आईला ते ठाऊक होतं. तिनं कधी हरकत घेतली नाही. उलट मला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं, आई त्यांना कौतुकानं म्हणाली होती, "आमच्या ह्यांनी फ्रीजलासुदिक न्युट्रलवर चालवायला शिकवलं."

त्याच उन्हाळ्यात तिची साखर वाढायला लागली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. लग्नसराई होती, आंबे होते, ती चोरून खाते असं आबांना वाटायचं आणि ती खातही असणार. पायांवर सूज दिसू लागली. मग थंडी वाजून ताप आला. वेल्ह्याला दाखवलं, डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या, लघवीतला संसर्ग रक्तात गेलेला दिसतो, किडनीवरही ताण आहे.

पुण्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, शांत, नीट बोलणाऱ्या. आईला आत घेतल्यावर त्या आम्हाला एकेक विचारत होत्या. किती वर्षं मधुमेह, गोळ्या कोणत्या, इन्शुलिन किती, कोण देतं.

"मी देतो," आबा म्हणाले. जरा ताठ होऊन म्हणाले.

"छान. बाटल्या फ्रीजमध्येच ठेवता ना?"

"व्हय. त्याच्यासाठीच आणलाय फ्रीज."

"फ्रीज नीट चालतो? लाईट फार जाते का तिकडं?"

"लाईट जाती अधनंमधनं. आन्..." आबा थांबले. खोटं बोलायची सवय नव्हती. "आन् दुपारचं मी बंद ठिवतो. चार वाजता लावतो परत."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. रागानं नाही. नुसतं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं," म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

आबांना पुढचा प्रश्न ऐकू आला नाही. मी उत्तर दिलं. ते त्या कागदाकडं बघत होते.

आई परत घरी आली नाही. शेवटी शेवटी ती अर्धवट शुद्धीत असायची. एकदा डोळे उघडून तिनं आबांना विचारलं, "जेवला का?" ते "व्हय" म्हणाले. जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहावं, तेरावं झालं. पाहुणे पांगले. मी रजा वाढवून राहिले होते. घरात आवरायला म्हणून आत गेले तर फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली दिसली. एकावर एक, आडवी उभी, बोट जाणार नाही अशी. आत पाण्याची एक बाटली आणि दाराच्या कप्प्यात इन्शुलिनच्या न उघडलेल्या दोन बाटल्या. बाकी काही नाही. फ्रीज पूर्ण थंडीवर लावलेला.

मी त्या बाटल्या उचलल्या तर आबा ओसरीवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्या."

"आबा, आता कशाला?"

"ऱ्हाऊ दे म्हनलं ना."

पुढचे काही महिने मी आले की तेच. रिकामा फ्रीज चालू. भर पावसात, गार हवेत, गरज नसताना चालू. बिल वाढलं, मीच भरत होते, त्यांनी एकदाही विचारलं नाही. सकाळी उठून मीटर बघणारा माणूस मीटरच्या खालून मान घालून जायला लागला. जेवण तुटलं. बोलणं तर आधीच कमी झालं होतं. एकदा ताट वाढलं आणि ते अचानक म्हणाले, "म्या पानी टोचत हुतो तिला."

"काय?"

"औषध मेलेलं असनार. म्या रोज तिला पानी टोचत हुतो. सकाळ-संध्याकाळ. आन् ती म्हनायची, कळत न्हाई तुमचं."

मी ताट तिथंच ठेवलं. मला स्वतःलाही माहीत नव्हतं की ते खरं आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना वेल्ह्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. यायला तयार नव्हते, जवळजवळ ओढून नेलं. डॉक्टरांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं. उघडलेली बाटली फ्रीजबाहेर सावलीत ठेवली तरी काही आठवडे चालते. बंद बाटलीसुद्धा तीन-चार तास फ्रीज बंद राहिल्यानं मरत नाही, आतला गारवा इतक्यात जात नाही. गावात लाईट जाते तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं. आईचा आजार जुना होता, किडनी आधीपासून दमलेली होती, त्यात संसर्ग झाला. साखर तापामुळंही वाढते. "तुमच्या हातानं काही झालेलं नाही, आबा. उलट तुमच्यामुळं त्या एवढी वर्षं नीट राहिल्या."

आबा ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "नक्की सांगता, डॉक्टर?"

डॉक्टर भले माणूस. त्यांनी तोंड उघडलं आणि एक क्षण थांबले. फक्त एक क्षण. मग म्हणाले, "माझ्या मते तसंच आहे."

आबांनी हात जोडले आणि उठले. गाडीची वाट बघत आम्ही थांब्यावर उभे होतो. मी म्हटलं, "ऐकलंत ना आता? झालं ना समाधान?"

"त्ये थांबलं हुतं," आबा म्हणाले. "इचारल्यावर थांबलं हुतं."

मला त्या डॉक्टरांचा इतका राग आला होता तेव्हा. एक शब्द, नक्की, एवढाच म्हणायचा होता. आज वाटतं, ते खरं बोलणारे होते म्हणूनच आबा त्यांना मानत होते, आणि ते पटकन "नक्की" म्हणाले असते तरी आबांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

दिवाळीच्या आसपास मी घरी असताना गावातल्या आशाताई एका बाईला घेऊन आल्या. बाई वरच्या वाडीतली, डोंगराच्या कुशीतली. तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला मधुमेह निघाला होता. लहान वयातला, गोळ्यांचा उपयोग नसलेला. रोज इन्शुलिन, आयुष्यभर. बाईच्या हातात औषधांची पिशवी होती आणि ती पिशवी पोटाशी धरून बसली होती.

आशाताई म्हणाल्या, "आबा, हिच्याकडं फ्रीज न्हाई. जास्तीच्या बाटल्या तुमच्याकडं ठिवल्या तर ती लागंल तशी एकेक नेईल. तुमचा तर रिकामाच चालू असतो."

बोलण्यात काही वाईट नव्हतं. आबा उठून उभे राहिले. हात जोडले. "माझ्या घरात नगं. दुसरं काय बी सांगा. औषध माझ्याकडं नगं ठिवू, बाई."

बाईला काय कळणार? तिचा चेहरा पडला. "व्हय आबा," म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. मी तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेले, सांगायचा प्रयत्न केला, पण मला नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, "असू दे ताई. ज्याचं त्याला." मडक्याला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवायला दवाखान्यातून सांगितलं होतं, तसंच करीन म्हणाली.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी मी भोरला निघायच्या तयारीत होते. ते फ्रीजपुढं बसले होते आणि चाकूच्या टोकानं बटणावरची चिकटपट्टी खरवडून काढत होते.

"टेम्पोवाल्याला फोन लाव," म्हणाले.

"कशाला?"

"फ्रीजच दिऊन टाकू तिला. तिच्या घरात चालंल. हितं नगं."

मी रजा टाकली. त्या दिवशी आबांनी आधी फ्रीज रिकामा करून पुसला. आईच्या त्या दोन बाटल्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या. त्या पुढं कुठं गेल्या मला माहीत नाही, मी विचारलं नाही. रबर सैल झालं होतं, नसरापुरातून नवं आणवून बसवलं. जाळीवरची धूळ ब्रशनं काढली. वाडीत व्होल्टेज कमी असतं म्हणून स्टॅबिलायझर घेतला. किती महिन्यांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं, कारण ते सगळं इतक्या प्रेमानं चाललं होतं.

वाडीतल्या घरासमोर टेम्पो थांबला तेव्हा बाई घाबरलीच. "आबा, नगं. फ्रीज फुकट दिला तरी लाईट बिल मी कुठनं भरू?"

"लई खात न्हाई हा," आबा म्हणाले. "नीट चालवला तर लई कमी खातो. आन् वाढंल ते माझ्याकडं."

मग त्यांनी तिला सगळं दाखवलं. चुलीपासून लांब, ह्या कोपऱ्यात. भिंतीला चिकटवायचा नाही. रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, त्या एकदा गार झाल्या की लाईट गेली तरी गारवा धरतात. इन्शुलिन बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवायचं नाही, गोठलं तर वाया जातं. मधल्या फळीवर ठेवायचं. दार कमी उघडायचं. मुलगी दाराआडून बघत होती. तिनं विचारलं, "आन् रात्रीचं बंद करायचं का?"

आबांचा चेहरा बदलला. ते तिच्यासमोर खाली बसले.

"बटनाला हात लावायचा न्हाई, बाळा. कुनी बी सांगितलं तरी. म्या सांगितलं तरी न्हाई."

मुलगी "बरं" म्हणाली. आबा उठले आणि कुणाशी न बोलता टेम्पोत जाऊन बसले. बाईनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

ह्याला आता काही वर्षं झाली. मुलगी ठीक आहे, शाळेत जाते. बाईच्या घरच्या भाताचे तांदूळ दरवर्षी आमच्याकडं येतात. आबा तिला फोन करतात, एकच विचारतात, "चालू हाय न्हवं?" तिनं हो म्हटलं की फोन ठेवतात. वाडीत परत कधी गेले नाहीत. बोलावलं तरी नाही. वाटलं होतं, फ्रीज गेला की त्यांच्या मनातलंही काहीतरी निघून जाईल. तसं काही झालं नाही.

ह्या वर्षी त्यांचे गुडघे फारच धरले, म्हणून मी त्यांना भोरला आणलं. आमच्या स्वयंपाकघरात मोठा फ्रीज आहे. परवा दुपारी मी ताटं घेत होते, आबा टेबलाशी बसले होते. फ्रीज नेहमीसारखा आतून खट्ट झाला आणि त्याची घरघर थांबली. आबा गुडघ्यांवर हात देऊन उठले, भिंतीला धरत धरत तिथपर्यंत गेले. आधी वर पंख्याकडं बघितलं, लाईट आहे ना म्हणून. मग बटण बघितलं. मग फ्रीजच्या बाजूला तळहात टेकवला.

"आबा, तो आपोआप थांबतो. पुरेसं गार झालं की थांबतो, मग परत सुरू होतो."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

पण हलले नाहीत. मी वरण वाढलं, भात वाढला. भाताची वाफ निवत गेली. ते तसेच हात टेकवून उभे, मान थोडी कलती, ऐकत. मग तो सुरू झाला. आबा येऊन बसले आणि मी त्यांचं ताट पुढं सरकवलं.